दोन हात भराव

किल्ला बघायला जायचं असं पोरानं सांगितलं तेव्हा मी आदल्या दिवशीच टोपी धुवून वाळत घातली. मिशिगनमध्ये ट्रॉयला त्याच्या घरी येऊन मला दीड वर्ष झालं होतं. तेवढ्या काळात मी देऊळ, दवाखाना, भाजीचं दुकान आणि एक गोठलेलं तळं एवढंच पाहिलं होतं. या देशात किल्ला आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"कुणाचा किल्ला?" मी विचारलं.

"सिव्हिल वॉरमधला आहे आबा. यादवी. नॉर्थ आणि साउथ आपापसात लढले होते ना, गुलाम ठेवायचे की नाही ह्यावरून. तेव्हाचा."

"मग घेतला का राखला?"

"काय?"

"किल्ला रे. लढाईत घेतला का आतल्यांनी राखला?"

"तिथं गेल्यावर कळेल की," तो म्हणाला. म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं. ऑक्टोबरातला लाँग वीकेंड आहे, कुठंतरी जायचं, म्हणून निघालेला.

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे पुढचा घोळ कळेल. माझी शाळा चौथीला सुटली. बापाबरोबर दुष्काळी कामावर गेलो. आधी घमेली वाहिली, मग टिकाव धरला, मग भरावाची माती ठोकून बसवायची जड धुम्मस मारली, आणि शेवटी मुकादम झालो. आमच्या तालुक्यात आणि शेजारच्या तालुक्यात मिळून मातीचे अकरा बांध माझ्या नजरेखाली उभे राहिले. एक फुटला नाही. साहेब लोक नकाशा घेऊन जीपमधून उतरायचे, सही करून जायचे. पण माती कुठली घ्यायची, तिला पाणी किती पाजायचं, एका थरावर धुम्मस किती वेळ चालवायची, हे नकाशात नसतं. बायको त्याच कामावर घमेलं वाहायची. पोरगं तिथंच बाभळीच्या झोळीत झोपायचं.

तेच पोरगं आता ट्रॉयमध्ये मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. घरी कुणी आलं की माझी ओळख करून देतो, "वडील इरिगेशनमध्ये होते." याला खोटं म्हणता येत नाही. पण ऐकणारा काय समजतो हे त्यालाही कळतं आणि मलाही. समोरचा "अरे वा काका" म्हणतो, आणि मी चहाचा कप उचलतो. दीड वर्ष मी असा कप उचलत आलो.

तर आम्ही निघालो. पोरगा, सून आणि मी. ओहायो, केंटकी, आणि मग टेनेसी. वाटेत एक मुक्काम. रस्ता असा की पोटातलं पाणी हलत नाही, आणि बोलायलाही काही सुचत नाही. सून नागपूरची, विद्यापीठात कसलंसं संशोधन करते. तीच मधून मधून मागं वळून "आबा, पाय अवघडले का?" म्हणून विचारायची.

पार्किंगमध्ये उतरल्याबरोबर मी वर बघायला लागलो. किल्ला म्हटल्यावर माणूस वरच बघतो. वर आभाळ होतं, दुसरं काही नव्हतं.

"आबा, इकडे," सून म्हणाली.

समोर गवत वाढलेला मातीचा उंचवटा. पुढं एक चर. चरावर लाकडी पूल, पुलाजवळ एक तोफ आणि पाटी.

"हा?"

"हाच," पोरगा म्हणाला.

"हा बांध आहे रे."

"आबा, हळू बोला ना."

"हळू काहून?" सून म्हणाली. "इथं मराठी कोणाला समजते?"

मला राग किल्ल्याचा आला नव्हता, आधी तेवढं सांगतो. नऊ तास बसून माणूस दगडी बुरूज मनात धरून येतो आणि समोर आपल्याच धंद्याचा माल दिसतो, तेव्हा थोडा वेळ लागतो. जवळ गेलो तसा मी पुढाऱ्यासारखा कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. उतार चांगला होता. माथा पुरेसा रुंद होता. ज्यानं केला त्याला माती कळत होती.

तिथं माहिती सांगायला एक म्हातारा होता. माझ्याच वयाचा, पांढरी दाढी, अंगात त्या काळच्या शिपायाचा निळा कोट, पितळी बटणं. पूर्वी शाळामास्तर होता, आता हौसेनं हे काम करतो असं पोरानं सांगितलं. मास्तर बोलायला लागला. हात वर, हात खाली, एकदा चरात वाकून, एकदा मुठीनं छाती ठोकून. पाव तास तरी बोलला असेल. मग पोरगा माझ्याकडं वळला.

"म्हणतोय, सकाळी हल्ला झाला. फार थंडी होती. हल्ला फसला."

"एवढंच?"

"समरी सांगितली आबा."

"तो माणूस पाव तास नुसती थंडी दाखवत होता काय?"

मग सुनेनं मला बाजूच्या बाकावर बसवून सगळं सांगितलं. आत उत्तरेची माणसं, काही शे. बाहेर दक्षिणेची फौज, हजारांनी. आतल्यांनी पुढची झाडं तोडून बुंधे तसेच ठेवले आणि त्यांना गुडघ्याएवढ्या उंचीवर तार गुंडाळली. बांधावर पाणी ओतलं, थंडीत त्याचा बर्फ झाला. पहाटे हल्ला आला. धुक्यात माणसं तारेत अडखळून पडली, तरी उठून चरापर्यंत पोचली आणि चरात उतरली. आणि तिथंच अडकली. चर डोक्याच्या वरपर्यंत खोल, पुढचा उतार बर्फाचा. एकमेकांच्या खांद्यावर चढून बघितलं. वरून गोळ्या आणि पेटवलेले तोफगोळे. अर्ध्या तासाच्या आत सगळं संपलं.

"आणि शिड्या?" मी विचारलं.

"शिड्या नव्हत्या आणल्या."

"मोडल्या?"

"नाही आबा. आणल्याच नाहीत."

मी उठून उभा राहिलो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण चौथीच्या इतिहासात निम्मे किल्ले शिडी आणि दोर लावूनच घेतलेले आहेत. किल्ल्यावर जायचं तर शिडी न्यायची हे आमच्याकडं आठ-नऊ वर्षांच्या पोराला पाठ असतं. आणि इथं मोठमोठे सेनापती, टोपीवर पिसं लावलेले, त्यांनी हजारो माणसं रिकाम्या हातानं चरात घातली?

"काहून नाही आणल्या?" सुनेनं मास्तरला जाऊन विचारलं, आणि परत येऊन सांगितलं. त्यांच्या अधिकाऱ्यानं लांबून दुर्बिणीतून बघितलं होतं. आतला एक माणूस चर ओलांडून सहज चालत गेलेला दिसला. म्हणजे चर उथळ आहे, उडी मारली की झालं, असं त्यांनी धरलं. तो माणूस फळीवरून चालत होता. फळी त्यांना दिसली नाही.

मी चराच्या काठाशी गेलो. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, ती मी पोराला म्हटली.

"त्याला विचार, हा चर खणला कुणी?"

"आबा, असलं काय विचारायचं?"

"का? वाईट काय त्यात? खणला कुणी ते विचार."

पोरगा मोबाईल काढून फोटो घ्यायला गेला. सुनेनंच विचारलं. मास्तरनं सांगितलं. शिपायांनी खणला, आणि त्यांच्याबरोबर गुलामगिरीतून पळून आलेल्या काळ्या माणसांनी खणला. त्यांची नावं नाहीत सापडत म्हणे. पाटीवर बघितलं, दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची नावं होती, हुद्द्यासकट. चर किती खोल हे ज्याच्या खांद्याला ठाऊक होतं त्याला कुणी विचारलं नाही, आणि पुढं लिहिलंही नाही.

इथपर्यंत ठीक होतं. खरा घोळ किल्ल्याच्या मागच्या बाजूला झाला.

तिकडं बांधाचा एक तुकडा पावसानं ढासळला होता आणि तो परत उभा करायचं काम चाललं होतं. आलेल्या लोकांनीही हात लावावा अशी पद्धत होती. बायका, माणसं, सगळी हौसेनं बादल्यांतून माती ओतत होती आणि फावड्याच्या पाठीनं थापटत होती. जसं आपण भाकरीला थापटावं तसं. मास्तरच्या हातात जुन्या चित्राची नक्कल होती, उतार चित्राप्रमाणं बरोबर येतोय का बघत होता.

मी वाकून मूठभर माती घेतली. दाबून गोळा केला आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडला. खाली पडून त्याचा भुगा झाला. कोरडी माती. थराला जोड नाही, पाणी नाही, धुम्मस नाही. जुन्या बांधाच्या गवतावरच नवी माती ओतलेली, खाली पायऱ्या काढलेल्या नाहीत. नवी माती जुनीला धरणारच नव्हती. मी तिथंच पोराला हाक मारली.

"ह्याला सांग, हे पहिल्या मोठ्या पावसात खाली येणार. गवत खरवडायचं, जुन्या बांधात पायऱ्या पाडायच्या, मातीला पाणी मारायचं, वीतभर थर घालायचा, धुमसायचा, मग वर दुसरा थर. असं सांग."

"आबा, ते लोक एक्स्पर्ट आहेत."

"मग एक्स्पर्टला कळेल मी काय म्हणतो ते. तू नुसतं सांग."

"आपण टूरिस्ट आहोत इथं. कशाला उगाच?"

"सांगतोस का नाही?"

पोरगा मास्तरकडं गेला. दोन वाक्यं बोलला असेल नसेल. मास्तरनं माझ्याकडं बघून हसून अंगठा वर केला आणि लोक होते तसे थापटत राहिले. माझं बोलणं एवढं लांब, त्याचं एवढं आखूड. आणि बांध पडणार म्हटल्यावर कुणी अंगठा वर करतं काय?

"काय सांगितलं गं ह्यानं?" मी सुनेला विचारलं.

ती नवऱ्याकडं बघायला लागली, मग माझ्याकडं.

"खरं सांग."

"म्हणाले, माझ्या वडिलांना तुमचा किल्ला फार आवडला."

माझ्या कानशिलात कुणीतरी मारावी तसं झालं. मी ओरडलो, हे कबूल करतो. लोक वळून बघायला लागले. पोरगा लाल झाला. मास्तर काळजीनं जवळ आला, काही दुखतंय का असं विचारत असावा. पोरगा घाईनं त्याच्याशी बोलायला लागला आणि त्या बोलण्यात दोन शब्द मला स्पष्ट ऐकू आले, कारण ते दोन शब्द मराठीच आहेत. सिव्हिल इंजिनिअर.

मास्तरचा चेहरा बदलला. त्यानं माझा हात हातात घेऊन हलवला. त्या बादल्यावाल्यांना थांबवलं. चित्राची नक्कल माझ्यासमोर धरली आणि वाट बघत उभा राहिला.

"बोला आबा," पोरगा म्हणाला. "आता ऐकतोय तो. आता सगळं सांगतो मी, शब्दन् शब्द."

मी पाठ फिरवली.

"बोला ना! मघापासून सांग सांग म्हणत होता."

"इंजिनिअरला विचार. मला काय कळतंय?"

"आबा, प्लीज. तुमचं ऐकावं म्हणूनच म्हटलं ना मी? मान मिळावा म्हणून."

"माझ्या नावचा देत असतील तर घेतो. दुसऱ्याच्या नावचा मला नको."

"अहो पण बांध पडेल म्हणत होता ना?"

"पडू दे."

हे बोललो मीच. भराव चुकीचा होतोय हे दिसत असताना "पडू दे" असं मी जन्मात म्हटलं नव्हतं. एकदा साहेबाला आडवा जाऊन अख्खा थर काढायला लावला होता मी, आठवडाभर घरी बसवलं होतं त्यापायी. आणि इथं पोराच्या एका शब्दावर हटून मी माती वाऱ्यावर सोडत होतो. पण त्या शब्दाखाली उभं राहून बोलणंही जमेना.

सून पुढं आली. "आबा, सांगू का मी? तुम्ही म्हणाल तसंच. काही कमी नाही, काही जास्त नाही."

"तू कशाला मधे..." पोरगा म्हणाला.

"काहून नाही सांगायचं? मघाशी मी गप्प बसली, तीच चूक झाली."

मी तिला म्हटलं, "सांग त्याला. मी इंजिनिअर नाही. शाळा चौथी. मातीकामावर मुकादम होतो. अकरा बांध केले, सगळे उभे आहेत. हा राहणार नाही." मग बाकीचं, पायऱ्या, पाणी, थर, धुम्मस, सगळं हातानं दाखवत सांगितलं. ती थांबत थांबत बोलत गेली. पोरगा लांब जाऊन गाडीच्या किल्लीशी चाळा करत उभा राहिला.

मास्तरनं शेवटपर्यंत ऐकलं. हातातली नक्कल त्यानं गुंडाळली. मघाशी कसा पटकन हात हातात घेतला होता, तसं आता काही केलं नाही. सुनेशी बराच बोलला.

"म्हणतात, सगळं काम आता बदलता येणार नाही, वरून परवानगी लागते. पण त्या टोकाला दोन हात जागा घ्या आणि तुमच्या पद्धतीनं करा. पाचला गेट बंद होते."

इंजिनिअरसाठी सगळं काम थांबलं होतं. मुकादमाला दोन हात मिळाले. घेतले मी.

कोट काढला. गवत खरवडलं, जुन्या अंगात तीन पायऱ्या पाडल्या. कुंपणासाठी आणलेल्या ओंडक्यांतून एक बेताचा ओंडका निवडला, तीच धुम्मस. पाणी लांबच्या नळावर होतं. सून बादली घेऊन निघाली तेवढ्यात पोरानं येऊन तिच्या हातातून बादली घेतली. पाणी आणून ओतायचा आणि परत जायचा. चांगली पँट घोट्यापर्यंत चिखलली. चार थर झाले. पाचव्याला ओंडका माझ्याच्यानं उचलेना, तेव्हा त्यानं ओंडकाही माझ्या हातातून घेतला.

"सरळ पाड," मी म्हटलं. "तिरपी मारू नको, माती सरकते."

"माहितेय," तो म्हणाला.

"कसं माहितेय?"

"लहानपणी दिवसभर दुसरं काय बघत होतो मी?"

पाचला मास्तरनं गेट लावलं. तशाच चिखलात आम्ही परतीला लागलो.

हिवाळा गेला. मार्चमध्ये एका रविवारी सुनेच्या फोनवर मास्तरची ईमेल आली, सोबत फोटो. पावसात अख्खा नवा भराव खाली सरकून चरात बसला होता. एका टोकाला दोन हातांचा तुकडा तेवढा उभा, म्हाताऱ्याच्या तोंडात एकच दात राहावा तसा. सून टाळ्या वाजवायला लागली. मला हसू आलं नाही. दोन हात उभं राहून कुठला बांध होतो? पाणी बाजूनं जातं, शत्रूही बाजूनंच जातो. आणि त्या बायका-माणसांची दिवसभराची मेहनत चरात गेली होती. ऑक्टोबरमध्ये ऐकलं असतं तर!

मास्तरनं विचारलं होतं, तुमची पद्धत सविस्तर लिहून पाठवाल का, वरच्या लोकांना दाखवायची आहे.

पोरानं लॅपटॉप उघडला. "सांगा आबा, लिहितो."

"आधी कोण सांगतंय ते लिही."

त्यानं टाइप केलं. मी सुनेला म्हटलं, वाच. तिनं वाचून मराठीत सांगितलं. माझे वडील मातीच्या बांधांवर मुकादम होते. इथं ती अडखळली.

"पुढं?"

"पुढं कंसात लिहिलंय... म्हणजे एक प्रकारचे इंजिनिअर."

"कंस काढ."

"आबा, मुकादम म्हणजे काय हे त्यांना कळणार नाही," पोरगा म्हणाला. "खरंच नाही कळणार. दुसरं काही नाही त्यात."

"नाही कळलं तर विचारतील."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर परत पडेल. पण कंस काढ."

मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो. इंग्रजी मला येत नाही, पण त्या दोन वाकड्या रेघा मला ओळखू येतात, समोरासमोर ठेवलेल्या दोन विळ्यांसारख्या. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, मग बोट एका कळीवर ठेवून धरलं. आधी एक विळा गेला, मग आतली अक्षरं एकेक करून गेली, मग दुसरा.

"आता लिही," मी म्हटलं. "पहिलं, गवत खरवडायचं."